टायर मोठा, गाडी तीच

टोमॅटोला बरा भाव मिळाला, मोठ्या भावाला बोनस झाला किंवा जुने टायर गोटा होऊन बदलायलाच आले. निमित्त कुठलंही असो, दारात पिकअप उभी असलेल्या घरातल्या कॉलेजच्या पोरांच्या डोक्यात एकच विषय घोळायला लागतो : या वेळी टायर मोठे टाकायचे. सस्पेन्शनला हात लावायचा नाही, कारण तेवढं बजेट नाही आणि पप्पा परवानगीही देणार नाहीत. फक्त टायर. चार मोठे, काळेभोर, दातेरी टायर बसले की गाडी कशी एकदम भारी दिसेल!

ही हौस हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गाडीवर जीव असल्याशिवाय कुणी टायरच्या साइजचा विचार करत रात्री जागत नाही. शिवाय टायर हा गाडीचा रस्त्याला टेकणारा एकमेव भाग आहे, तेव्हा विचार योग्य ठिकाणीच सुरू झालाय. प्रश्न एवढाच, की तो दिसण्यापाशी थांबतो की पुढे जातो.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. सस्पेन्शन कंपनीचंच ठेवणार असाल, तर टायरची साइजही कंपनीचीच ठेवा. फार तर एक छोटी पायरी वर जा. बदल करायचाच तर टायरच्या नक्षीत करा. मोठा टायर मागणाऱ्या बहुतेकांना खरं तर वेगळा टायर हवा असतो, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे.

आधी थोडं गणित. घाबरू नका, दहावीच्या पलीकडचं नाही. टायरच्या बाजूवर जे आकडे लिहिलेले असतात ते कधी नीट वाचलेत? १८ इंची अलॉय असलेल्या इसुझू व्ही-क्रॉसवर २५५/६० आर १८ असं लिहिलेलं असतं. २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५३ मिलिमीटर. १८ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. आता बेरीज करा. वरची बाजू १५३, खालची १५३ आणि मधली रिम ४५७. टायरचा एकूण व्यास झाला सुमारे ७६३ मिलिमीटर.

समजा तुम्हाला २६५/६५ आर १८ आवडलाय. आकड्यांत फरक किती, तर एकीकडे दहाचा, एकीकडे पाचाचा. दुकानात ऐकायला मिळतं, ‘भाऊ, थोडाच मोठा आहे, आरामात बसेल.’ पण तीच बेरीज केली की व्यास येतो ८०२ मिलिमीटर. म्हणजे ३९ मिलिमीटर जास्त, पाच टक्के वाढ. याउलट २६५/६० आर १८ चा व्यास येतो ७७५, म्हणजे वाढ दीड टक्क्याच्या आसपास. दोन्ही टायर दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असतील. गाडीसाठी मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंपन्या स्वतः काय करतात तेही बघा. २०२० मध्ये आलेली महिंद्राची थार पिकअप नाही, पण आपल्या चर्चेत ती येतेच. तिच्या एका व्हेरियंटला २४५/७५ आर १६ टायर होते आणि दुसऱ्याला २५५/६५ आर १८. रिममध्ये तब्बल दोन इंचांचा फरक. पण व्यास काढलात तर पहिला ७७४ आणि दुसरा ७८९, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्या आत. रिम बदलली, रुंदी बदलली, दिसणं बदललं. एकूण व्यास मात्र जवळपास तिथेच ठेवला. ज्यांनी गाडी बनवली ते इतके जपून पाऊल टाकत असतील, तर त्यामागे कारण असणार.

पहिलं कारण चाकाच्या वरच्या मोकळ्या जागेत आहे. उभ्या गाडीकडे बघितलं की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हाताचा पंजा सहज जाईल एवढी जागा दिसते. आपल्याला वाटतं, वायाच चाललीय. मोठा टायर टाकला तर भरून निघेल आणि गाडी उठून दिसेल. पण ती जागा रिकामी नाही, राखून ठेवलेली आहे. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात ना, तशी. खड्ड्यातून बाहेर येताना, ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग खाली झुकताना, हौद्यात माल भरल्यावर मागचे पाटे बसताना चाक वर येतं आणि त्या जागेत शिरतं. सस्पेन्शन कंपनीचंच असेल, तर चाक आधी जितकं वर यायचं तितकंच अजूनही येणार. फक्त आता येणारं चाक मोठं असेल.

पुढच्या चाकांचं तर आणखी एक आहे. ती वर-खाली होतात आणि वळतातही. पूर्ण स्टेअरिंग तोडलं की टायरची कड कधी बंपरच्या कोपऱ्याजवळ जाते, कधी आतल्या प्लॅस्टिकच्या लायनिंगजवळ, कधी चासीजवळ. म्हणून दुकानाच्या सपाट फरशीवर रिकामी गाडी सरळ उभी करून ‘बसला की!’ म्हणण्याला काही अर्थ नाही. खरी परीक्षा वेगळी असते. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण तोडलेलं, त्याच वेळी एक पुढचं चाक उंचवट्यावर चढलेलं, गाडीत माणसं आणि मागे माल. हे पुढे जाताना बघायचं आणि रिव्हर्समध्येही. प्लॅस्टिकला जरा घासलं तर आवाज येतो, चकचकीत ओरखडा दिसतो, एवढ्यावर भागतं. पत्र्याच्या कडेला घासलं तर टायरची बाजू कापली जाते. आणि चाकाजवळून जाणाऱ्या ब्रेकच्या पाइपला किंवा एबीएसच्या वायरला घासलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

मग जुगाड सुरू होतात. लायनिंग कापा, प्लॅस्टिक गरम करून मागे दाबा, नाहीतर स्पेसर टाकून चाक बाहेर काढा. स्पेसरने चाक आतल्या बाजूने सुटतं खरं, पण बाहेर आलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं आणि आता बंपरला लागतं. बेअरिंगवरचा ताण वाढतो. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल, पाणी आणि बारीक खडी थेट मागे उडवतो. मागे कोण असतं? बहुतेक वेळा दुचाकीवरचा कुणीतरी. आपल्या लूकची किंमत त्याने का मोजायची?

दुसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. टायर पाच टक्के मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी पाच टक्के जास्त अंतर जाते. मीटरला हे कळत नाही. तो चाकाच्या फेऱ्या मोजून ८० दाखवत असेल, तर आधीच्या हिशेबाने ८० असतानाचा तुमचा खरा वेग आता ८४ च्या बाजूला सरकलेला असतो. मीटर मुळात थोडा जास्तच वेग दाखवतात, त्यामुळे सुरुवातीला फरक झाकला जातो; पण कंपनीने ठेवलेली ती सावधगिरीची फट तुम्ही खाऊन टाकलेली असते. ‘मोठे टायर टाकल्यावर ॲव्हरेज पडलं,’ असं म्हणणाऱ्यांचा निम्मा हिशेब इथेच चुकतो. गाडी साडेदहा हजार किलोमीटर पळलेली असते आणि मीटर दहा हजारच दाखवत असतो. ॲव्हरेज खरोखरही पडतंच, कारण टायर जड असतो. पण किती पडलं हे मीटरवरून कळत नाही.

गिअरचंही तसंच. मोठा टायर म्हणजे सगळे गिअर एकदम थोडे लांब झाल्यासारखं. सपाट हायवेवर फारसं जाणवणार नाही. भरलेली गाडी घेऊन चढ लागला की जाणवेल. जो चढ आधी तिसऱ्यात निघायचा तिथे दुसरा टाकावा लागेल, आणि चढावर गाडी उचलताना क्लच जास्त वेळ घासेल. उतारावर याची दुसरी बाजू दिसते. नाशिककडून भाजीपाला भरून मुंबईला निघालेली पिकअप कसारा घाट उतरते, तेव्हा शहाणा चालक गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनवर रोखतो आणि ब्रेक जपून वापरतो. टायर मोठा झाला की इंजिनची ही रोखण्याची ताकद चाकापाशी कमी पडते. मग ब्रेकवर भार वाढतो. आणि ब्रेकचं काय झालंय? तो चाकाच्या मध्याशी तितक्याच जोराने पकडतोय, पण टायरची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यापर्यंत पोचणारा जोर पाच टक्के घटलाय. वर टायर जड, म्हणजे फिरणारं चाक थांबवायलाही जास्त ताकद हवी. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर छोटीच आहे. पण भरलेली गाडी, ओला रस्ता आणि घाटाचा उतार या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, तेव्हा या छोट्या गोष्टीही एकत्रच येतात.

आणि एवढं करून मिळालं काय? ग्राउंड क्लिअरन्स. तोही निम्माच, कारण व्यासातली निम्मी वाढ ॲक्सलच्या वर जाते. ३९ मिलिमीटर मोठ्या टायरने गाडी १९ मिलिमीटर उचलली जाते. म्हणजे अंगठ्याच्या जाडीएवढी.

‘पण बाहेरच्या देशांत तर केवढे मोठे टायर लावतात!’ बरोबर. आइसलँडच्या आर्क्टिक ट्रक्सने बनवलेल्या ३८ इंची टायरच्या टोयोटा हायलक्स तुम्ही बघितल्या असतील. २००७ मध्ये ‘टॉप गिअर’वाले त्यांच्याच बनावटीच्या गाड्या घेऊन उत्तरेकडच्या चुंबकीय ध्रुवापर्यंतच्या मोहिमेवर गेले होते. पण त्या गाड्यांचे फेंडर कापलेले असतात, बॉडी आणि सस्पेन्शन उंचावलेलं असतं, डिफरन्शियलचे गिअरही टायरच्या मापाने बदललेले असतात. एवढे मोठे टायर लावण्याचं कारणही पक्कं असतं. मऊ बर्फावर, हवा अगदी कमी करून, जास्तीत जास्त जागेवर गाडीचं वजन पसरवायचं असतं. रीलमध्ये आपल्याला त्यातला टायर तेवढा दिसतो. बाकीचं सगळं काम पत्र्याच्या आत आणि गाडीच्या खाली असतं.

आता तुमच्या रस्त्याचा विचार करा. तुमची पिकअप कुठे चालते? बहुतेक डांबरावर, थोडी गावाच्या कच्च्या रस्त्यावर, पावसाळ्यात शेताच्या चिखलात आणि कधीतरी रविवारी एखाद्या गडाच्या पायथ्याशी. चिखलात गाडी अडकते ती टायर लहान आहे म्हणून क्वचितच. नक्षीत माती भरून टायर गुळगुळीत होतो, म्हणून अडकते. कंपनीकडून येणारे टायर बहुधा हायवेसाठीचे असतात, एच/टी. त्याच साइजचा ए/टी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर टाकलात, तर नक्षीचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद मिळतात. पकड वाढते. गाडी दिसायलाही दणकट दिसते. आणि मीटर, गिअर, ब्रेक, मडगार्डची जागा यातलं काहीही हलत नाही.

त्यापुढचा एम/टी, खास चिखलाचा टायर, दिसायला सगळ्यांत कडक. पण तो डांबरावर घोंघावतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड साधारणपणे ए/टीपेक्षा कमी भरते, कारण मोठ्या ठोकळ्यांमुळे रस्त्याला टेकणारं रबरच कमी असतं. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात आठवड्याचे सहा दिवस डांबरावर चालणाऱ्या गाडीला हा टायर कशाला? सातव्या दिवसाच्या फोटोसाठी?

साइज ठरली, नक्षी ठरली, तरी एक आकडा उरतो आणि दुकानात त्याच्याकडे कुणी बघत नाही. साइजच्या पुढे ११२एस, ११६टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला आकडा म्हणजे लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलू शकतो, ११६ म्हणजे १२५० किलो. पुढचं अक्षर वेगमर्यादेचं. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर पिकअपला कधीच टाकू नका, तो कितीही देखणा असला आणि कितीही स्वस्त मिळत असला तरी. एसयूव्हीसाठीचा मऊ टायर टोमॅटोच्या क्रेटखाली तापतो, आणि तापलेला टायर सांगून फुटत नाही. तिथेच जवळ चार आकडेही दिसतील. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. ‘नवीन’ म्हणून हातात आलेला टायर नेमका कधीचा आहे, ते तिथे वाचा.

गाडीची पाटी पिवळी असेल तर जास्तच जपून. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचं वर्णन आणि साइजही नमूद असते, आणि पासिंगच्या वेळी गाडी त्या नोंदीशी जुळायला हवी. पांढऱ्या पाटीलाही सूट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतली माहिती कंपनीने मूळ ठरवलेल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. ज्या गाडीवर घर चालतं, तिच्या बाबतीत हा धोका घ्यायचा की नाही, हे एकट्या पोराने ठरवायचं नसतं.

म्हणून टायरच्या दुकानात जाण्याआधी घरात बसून हिशेब मांडा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल बघा. तुमच्या मॉडेलला कंपनीने आणखी कुठली साइज दिली आहे का, ते आधी शोधा. तशी असेल आणि तुमच्या रिमवर बसत असेल, तर ती तुमची पायरी. नसेल तर व्यासातली वाढ दोन टक्क्यांच्या आत ठेवा. तीनच्या पुढे जायचा विचार कंपनीच्या सस्पेन्शनवर करूच नका. बजेट चारचं नाही, पाच टायरचं धरा. स्टेपनी जुन्या साइजची राहिली तर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ती वापरणं गिअरच्या जिवावर उठतं, आणि मोठी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत बसेल की नाही हेही मोजावं लागतं. एवढे पैसे नसतील तर थांबा. आहेत ते टायर अजून चांगले असतील तर अलाइनमेंट करा, बॅलन्सिंग करा आणि हवा मोजायचा एक चांगला गेज विकत घ्या. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगळी असते, आणि ती टायर थंड असतानाच मोजायची असते. एवढं नियमाने केलं तरी गाडी रस्त्याला जास्त घट्ट धरते.

ही सगळी माहिती पप्पांपुढे ठेवा. ‘मित्रांनी टाकलेत’ यापेक्षा ‘साइज तीच, नक्षी ए/टी, लोड इंडेक्स कंपनीइतकाच, पाच टायरचा खर्च एवढा’ हे वाक्य घरात जास्त चालतं. कदाचित होकारही मिळेल. आणि मिळाला तर नवे टायर बसवल्यावर पहिली फेरी माल भरून, ओळखीच्या रस्त्यावर, सावकाश मारा. दोन्ही बाजूंना स्टेअरिंग पूर्ण तोडून बघा. शे-दीडशे किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या. फोटो त्यानंतर काढलात तरी तेवढाच भारी येईल.